सामंत सरांचा दर्यावर्दी

"माणूस नंतर बघू. आधी वर्ष सापडू दे."

दार अर्धं उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावर सर्टिफिकेटांची फाइल मांडीवर घेऊन बसले होते आणि आत कोणीतरी फोनवर बोलत होतं. आवाज भरदार होता, नाटकातून कामं केलेल्या माणसासारखा. "अहो, पाचशे होतात का, साडेचारशे होतात का, ते बघा. पंचवीसने भाग गेला पाहिजे. माणसाचं टेन्शन तुम्ही घेऊ नका. एवढा मोठा किनारा आहे, कोणीतरी कुठेतरी उतरलेलाच असतो."

मला वाटलं मी चुकीच्या दाराशी बसले आहे. मी उठणार इतक्यात टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, "बस गं. साहेबांची वर्षशोधणी चालली आहे. रोज असते."

त्या वैशालीताई. आतले ते सामंत सर.

मला सामंत सर आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला माझा राग ओळींमधून शोधत बसावं लागणार नाही. तरी त्यांच्याकडे मी जवळजवळ दोन वर्षं काम केलं, आणि एवढ्या काळात एखाद्या माणसाकडे जितकं बघता येतं तितकं बघितलं. मला बोलता कमी येतं. बघता बरं येतं.

वसईत, पारनाक्याच्या मागच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत त्यांची समिती होती. सागरी वारसा स्मरण समिती. काम काय, तर समुद्रावरून आलेल्या, गेलेल्या, बुडालेल्या किंवा बुडता बुडता वाचलेल्या जुन्या माणसांची शताब्दी, पंचशताब्दी वगैरे साजरी करणं. अशा सोहळ्यांना सरकार पैसे देतं हे मला तोवर माहीत नव्हतं. राज्याचं एक खातं देतं, केंद्राचं दुसरं देतं, कधी एखादा परदेशी दूतावासही हातभार लावतो. फक्त वर्ष गोल असावं लागतं. चारशे अठ्ठ्याण्णवावी जयंती कोणी करत नाही. सामंत सरांची सगळी विद्या त्या गोल आकड्यात होती.

समिती म्हणजे लेटरहेडवर खूप नावं आणि ऑफिसात तीन माणसं. सर, वैशालीताई आणि इंग्रजी लिहायला मी.

सर निवृत्त झाले होते ते एका जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून. जहाजावर बटाटे, साबण, गाद्या, टूथपेस्ट असला माल चढवायचा, त्या विभागात ते होते. आपण समुद्रावर होतो असं ते कधीच म्हणाले नाहीत. खोटं बोलायचंच नाही अशी त्यांची एक पद्धत होती. ते फक्त "आमच्या जहाजांवर" एवढंच म्हणायचे आणि थांबायचे. उरलेलं समोरचा माणूस स्वतःच्या मनाने भरायचा. लोक त्यांना कॅप्टन म्हणायला लागले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हात हलवून नको नको केलं असणार. पुढे तोही हात हलेनासा झाला.

वसईच्या मे महिन्यात ते निळा ब्लेझर घालायचे. सोनेरी बटणांवर नांगर होते. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरायचा आणि ते ओडिकोलनचा वास मारणाऱ्या रुमालाने टिपत राहायचे. उभे राहिले की दोन पायांत अंतर ठेवून, हात मागे बांधून, जणू फरशी हलते आहे आणि एकटे तेच तोल सावरून आहेत. आमच्या ऑफिसला मागे एक जाळीची बाल्कनी होती, तिच्यासमोर सोसायटीच्या स्कूटर लागायच्या. तिला ते डेक म्हणायचे. "चहा डेकवर येऊ दे." वैशालीताई चहाचा ट्रे घेऊन जाताना माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "चल, समुद्र दाखवते तुला. आज दोन अ‍ॅक्टिव्हा आणि एक पल्सर आहे."

मंत्रालयात जाताना ते सुकेळी न्यायचे. सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, मधासारखी, केळीच्याच पानात घट्ट बांधलेली. आता ती करणारी घरं फार उरली नाहीत. सांडोरच्या एका म्हातारीकडून ते आणवायचे, ऑफिसात बसून पानं सोडवायचे आणि जहाज छापलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात एकेक रचायचे. पानं फेकून द्यायचे. "पान बघितलं की माणसाला बाजार आठवतो," म्हणायचे. "डबा बघितला की वारसा आठवतो." त्या डब्यांनी किती दारं उघडली ते मला माहीत नाही. पण दारं उघडायची हे खरं.

मला ते मिस कॉन्व्हेंट म्हणायचे. माझं नाव मृणाल आहे हे त्यांना माहीत असावं. मी गोखिवऱ्याची, वडील वालीवला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आमच्याकडे घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असा सरळ हिशोब होता. सरांचं इंग्रजी कच्चं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. उलट पाहुण्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आमचं शीड. वारा मी आणतो, शीड ही."

तर तो दर्यावर्दी.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण सरांनीही ते मध्येच बदललं. पहिल्यांदा तो पोर्तुगीज कप्तान होता. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात, पुढच्या वर्षी ज्याला पाचशे पुरी होतील असं वर्ष सापडलं होतं, आणि त्या जुन्या वर्षी या बाजूच्या समुद्रात कोण कोण होतं याचा शोध घेताना हा कप्तान हाती लागला. वादळात त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली आणि दुरुस्तीसाठी तो किनाऱ्याला लागला, एवढंच एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या तळटिपेत होतं. कुठल्या किनाऱ्याला, ते नव्हतं.

प्रस्ताव मी इंग्रजीत लिहायचा होता. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं की तो वसईच्या किनाऱ्याला लागला असणं अशक्य नाही. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मिस कॉन्व्हेंट, तू कोर्टात साक्ष देते आहेस का? अशक्य नाही म्हणजे शक्य आहे. शक्य आहे तर तसं लिही." दुसऱ्या खर्ड्यात ते शक्य झालं. तिसऱ्यात स्थानिक आख्यायिका आली. ही आख्यायिका कोणाकडून ऐकली म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "माझ्याकडून. मी स्थानिक नाही का?" प्रस्ताव दिल्लीला गेला तेव्हा त्यात लिहिलं होतं की हे सर्वज्ञात आहे. एका महिन्यात त्या कप्तानाने तळटिपेतून सर्वज्ञात होईपर्यंतचा प्रवास केला होता. त्याच्या मूळ प्रवासापेक्षा हा नक्कीच जास्त वेगवान.

पहिला हप्ता मिळाला. मग सरांनी शाळांच्या सहली आणल्या.

हे त्यांना फार चांगलं जमायचं आणि ते मान्य न करणं खोटेपणा होईल. किल्ल्यात एक मोठी चिंच आहे. तिच्याखाली मुलांना गोल बसवायचे आणि बोलायला लागायचे. वारा कसा सुटला, शीड कसं फाटलं, खलाशी कुठल्या देवाला हाका मारत होते. मस्ती करणारी मुलंही तोंड उघडं टाकून ऐकायची. शेवटी आवाज एकदम खाली आणून ते म्हणायचे, "आणि किनाऱ्याला पाय लागल्यावर त्याने पहिलं काय केलं? हे झाड लावलं. लावा हात." मुलं रांगेने जाऊन खोडाला हात लावून यायची. एकदा मीही लावला.

पुढच्या वर्षी हवा बदलली. मुंबईतल्या कुठल्याशा बैठकीत कोणीतरी म्हणालं की परक्यांचे सोहळे आपण का करायचे. सर संध्याकाळी परत आले, डेकवर उभे राहिले, बराच वेळ स्कूटरींकडे बघत राहिले. आठवड्याभरात नवा दर्यावर्दी आला. हा आपला होता, इथलाच कोळी तांडेल. म्हणजे होडीचा प्रमुख. वादळात सापडलेल्या त्या परक्या जहाजाला यानेच वाट दाखवून सुखरूप आणलं होतं. तारीख तीच, वादळ तेच.

"मूळ कल्पना हीच होती," सर आम्हाला म्हणाले.

"बरं झालं," वैशालीताई म्हणाल्या. "बॅनरवरचा आकडा तसाच ठेवता येईल."

सरांना ते लागलं नाही. त्यांनी खरंच मान डोलावली. त्या वर्षी चिंच तांडेलाने लावली होती. मुलं पुन्हा रांगेने जाऊन हात लावून आली.

त्या वर्षीच्या समारंभात मला सूत्रसंचालन करायचं होतं. नको म्हणायचंही मला जमलं नव्हतं. समोर माणसं, पहिल्या रांगेत आमदार, माईकमध्ये माझा श्वास ऐकू येतोय आणि शब्द एकही नाही. सर खुर्चीवरून उठले, सावकाश चालत माझ्याशेजारी आले, आणि माईक घेऊन म्हणाले, "दर्यावर्दींच्या स्मृतीला आपण या शांततेने वंदन केलं. धन्यवाद." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले तर त्यांनी हातानेच थांबवलं. "तू गप्प आहेस तेच बरं आहे. बोलणारी माणसं मला खूप मिळतात." त्या दिवशी मला त्यांचे उपकार वाटले. घरी आईला सांगितलंसुद्धा. त्या वाक्याचा अर्थ लागायला मला पुढचा पावसाळा यावा लागला.

आता तांडेल म्हटल्यावर त्याचं स्मारक हवं, आणि स्मारक समुद्राकाठी हवं. ब्राँझचा पुतळा, मागे दगडी शीड, पुढे फरसबंद चौक आणि गाड्या लावायला जागा. दिल्लीची मोठी रक्कम त्यासाठी होती. जागा शोधायला जानेवारीत सर मला घेऊन पाचूबंदरला गेले.

तिथे गावाच्या कडेला एक लांबट मोकळं मैदान आहे. मोकळं म्हणजे रिकामं नव्हे. जानेवारीत ते टोकापासून टोकापर्यंत भरलेलं असतं. उभे बांबू, त्यांना आडवे दोर, आणि दोरांवर जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले बोंबील, ओळीमागून ओळ. त्या मांडवांना वलांड्या म्हणतात आणि मैदानाला खळं. ओला बोंबील दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही. जो विकला जात नाही तो इथे येतो, वाळतो, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा घर चालवतो.

सर मच्छीमारांच्या सोसायटीतल्या एका माणसाशी बोलत पुढे गेले. मी मागे राहिले. एक बाई दोरावरचे बोंबील उलटे करत होत्या. हात थांबवला नाही, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू कोनाची गो?"

"गोखिवऱ्याची."

"तिथं खातात का बोंबील?"

"खातात."

"मग तोंड कशाला असा केलंस?"

मी हसले. त्या आग्नेसमावशी. त्यांनीच मला ओळी दाखवल्या. ही माझी. ही जावेची. ही सासूची होती, आता माझी. आणि पलीकडली, तिकडे माडाजवळची, ती लेकीला दिली लग्नात.

"लग्नात?"

"मग? सोना किती दिवस पुरतो? वलांडी पुरते." लेकीचा नवरा कुठल्याशा होडीवर खलाशी होता, स्वतःची होडी नव्हती. तिचं जे काही होतं ते त्या ओळीत होतं. जमीन सरकारची. ओळ बायकांची. कागद कोणाकडेच नाही, आणि भांडणही कोणाचं नाही. पाऊस यायच्या आधी बांबू उपटून घराच्या पडवीत ठेवायचे, खड्ड्यात दगड बसवून ठेवायचा, आणि पाऊस उठला, म्हणजे संपला, की दगड काढून बांबू पुन्हा त्याच खड्ड्यात. निघताना त्यांनी मूठभर सुके बोंबील वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिले. पर्समध्ये ठेवू की नको या विचारात मी पडलेली बघून म्हणाल्या, "ठेव. वास लागला तर लागला."

सर तोवर नाकाला रुमाल लावून उभे होते.

"पावसात हा वास नसतो ना?" त्यांनी सोसायटीच्या माणसाला विचारलं.

"पावसात कायच नसतो सायेब. वलांड्या काढतो आम्ही."

"काहीच नसतं?"

"गवत."

परतताना रिक्षात त्यांनी नाकावरचा रुमाल काढला. मग रुमालाची घडी घालत म्हणाले, "दिल्लीच्या पाहणीला जुलै मागून घे."

मला वाटलं, त्यांना वासाचा त्रास होतो म्हणून.

मार्चमध्ये मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा झाल्या, आणि दोन दिवसांनी आग्नेसमावशी जावेला घेऊन ऑफिसात आल्या. सर उठून उभे राहिले, हात जोडले, दोघींना डेकवर बसवलं, चहा मागवला. मी दाराशी उभी होते.

"सायेब, ती जागा आमच्या खळ्याची हाय."

"मावशी, हा तुमचाच सोहळा आहे. तुमच्या पूर्वजाचा पुतळा उभा राहणार आहे तिथे."

"कोन पूर्वज?"

सरांनी तांडेलाचं नाव सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"आमच्यात नाय कोन या नावाचा."

"पाचशे वर्षांपूर्वीचा आहे, मावशी."

"मग त्याला घाई काय हाय? आमचा बोंबील दुसऱ्या दिशी कुजतो."

वैशालीताईंनी आतून खोकल्यासारखं काहीतरी केलं. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही. ते म्हणाले, पर्यटक येतील, गावाचं नाव होईल, बचत गटांना स्टॉल मिळतील. "आणि उद्घाटनाला तुमच्याच बायकांचं नृत्य ठेवू. लाल लुगडी, डोक्यावर टोपल्या. दिल्लीची माणसं बघत राहतील."

"नाचायला बोलवता," आग्नेसमावशी म्हणाल्या, "नि सुकवायला जागा नाय?"

सर हसले. मोठ्याने, मान मागे टाकून, जणू मावशींनी फार छान विनोद केला. त्यांचं ते हसणं मी ओळखून होते. समोरच्याचं बोलणं संपलं असं ठरवायचं असलं की ते तसं हसायचे. जाऊ दुखावून उठली. आग्नेसमावशींनी चहाचा कप न पिता खाली ठेवला आणि माझ्याकडे एकदा बघितलं. ओळख होती त्या बघण्यात, त्यामुळे मला ते जास्त जड गेलं.

त्या गेल्यावर सर म्हणाले, "लिहून घे. स्थानिकांशी सकारात्मक चर्चा झाली."

मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट माणसाला समोरच्याचं नुकसान दिसत तरी असतं. सरांना दिसायचंच नाही. त्यांना कोळी हवा होता, पण पाचशे वर्षांपूर्वीचा, ब्राँझचा, समुद्राकडे बोट दाखवणारा. जिवंत कोळणीला वास होता. मेलेली माणसं त्यांना इतकी सोयीची पडायची की जिवंत माणसांनी मध्ये येऊ नये असं त्यांना मनापासून वाटायचं. मी त्यांना कधी समुद्राकडे बघतानाही पाहिलं नाही. बंदरावर गेलो तरी ते समुद्राला पाठ करून उभे राहायचे, कारण फोटो तसाच चांगला येतो.

त्यांचं पुढे काय झालं, ते इथेच सांगते. वैशालीताईंच्या सांगण्यावरून ते आता कोकणात, खाली कुठेतरी आहेत. तिथेही कोणीतरी उतरलेला सापडला आहे. ब्लेझर तोच. आमच्याकडच्या जागेचा निर्णय अजून झालेला नाही, फाइल दिल्लीत आहे म्हणतात. गेल्या हिवाळ्यात वलांड्या लागल्या होत्या एवढं मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. येत्या हिवाळ्यात लागतील की नाही ते आग्नेसमावशींनाही माहीत नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या जुलैच्या पाहणीत.

दिल्लीहून एक मॅडम आल्या होत्या. मूळच्या तिकडे दक्षिणेतल्या, बोलणं नेमकं, पायात साधे बूट. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम होती. "मी मराठीत बोलेन, तू इंग्रजीत," सरांनी मला गाडीतच सांगून ठेवलं होतं. "छोटं ठेव. अधिकाऱ्यांना छोटं आवडतं."

पाऊस बारीक होता. मैदानात गुडघाभर गवत होतं, हिरवंगार, आणि दुसरं काही नव्हतं. इतकं सुंदर दिसत होतं ते की क्षणभर माझा मलाच विश्वास बसेना की जानेवारीत मी इथेच उभी होते. तेव्हा मला रिक्षातल्या त्या वाक्याचा अर्थ लागला. वासाशी त्याचा काही संबंध नव्हता.

सर मॅडमवर छत्री धरून चालत होते. सगळी छत्री त्यांच्यावर, स्वतः अर्धे बाहेर. ब्लेझरचा एक खांदा भिजून काळा झाला होता. पडीक जागा आहे, कोणाचाही वापर नाही, समुद्र समोर, किल्ला जवळ. मी इंग्रजीत सांगत होते, छोटं छोटं. पडीक हा शब्द आला तेव्हा मी थांबले. सरांनी तो माझ्याऐवजी स्वतःच इंग्रजीत म्हटला. तेवढा त्यांना येत होता.

चालता चालता मॅडमचा बूट कशाला तरी अडखळला. त्यांनी गवत बाजूला केलं. खड्ड्यात नीट बसवलेला एक दगड होता. थोड्या अंतरावर दुसरा, तिसरा, सरळ रेषेत. हे काय आहे, त्यांनी विचारलं.

"ओल्ड फोर्ट स्टोन्स, मॅडम," सर म्हणाले. "व्हेरी ओल्ड."

मॅडमनी दगडाचा फोटो काढला.

तेवढ्यात गावाच्या बाजूने तीन बायका आल्या. डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या. पुढे आग्नेसमावशी, मागे जाऊ, आणि एक तरुण मुलगी, कडेवर बाळ. ती लेक असणार. त्या जरा लांबच थांबल्या. मॅडमनी विचारलं, या कोण.

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सांग, गावातल्या भगिनी आहेत, स्वागताला आल्यात."

मी काही सांगायच्या आत आग्नेसमावशी बोलायला लागल्या. आवाज चढवला नाही. "बाईंना सांगा, सायेब. ही जागा आमच्या खळ्याची हाय. पाऊस उठला का वलांड्या लागतील. ते दगड आमचे हायत. तुमी उभे हाय ना, ती माझ्या लेकीची ओळ हाय."

मॅडमना एक अक्षर कळलं नव्हतं, पण त्या सरांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

सर किंचित वाकले. छत्री त्यांनी जराही हलू दिली नाही. दोन्ही पायांत ते नेहमीचं अंतर, चेहऱ्यावर हसू, आणि आवाज इतका मऊ की एखादा वडीलधारा माणूस लाजऱ्या मुलीला पाहुण्यांसमोर कविता म्हणायला सांगतो आहे असं वाटावं. "सांग मॅडमना, त्या म्हणतायत स्मारकाचा गावाला फार आनंद झालाय."

मी पायाजवळच्या दगडाकडे बघितलं. त्यांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी धीर द्यायला मान हलवली. भिजलेल्या बाहीतला हात पुढे करून मला बोल म्हणून खुणावलं. सामंत सर म्हटलं की मला अजूनही तो पुढे आलेला हात दिसतो, मनगटाशी नांगराचं सोनेरी बटण आणि त्यावरून ओघळणारं पाणी.

मी आधी इंग्रजीत बोलले. मग तेच मराठीत, पलीकडे उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"या म्हणतात, ही जागा त्यांच्या खळ्याची आहे. पाऊस संपला की इथे बोंबील वाळत असतात. मी जानेवारीत पाहिले आहेत. सरांनीही पाहिले आहेत."